नानायची बाग

"मीसुद्धा पहिल्यांदाच बघणार आहे," नानाय म्हणाली आणि माशाचा काटा दातांतून काढून तिने बशीच्या कडेला ठेवला.

सकाळचे सात वाजले होते. टेबलावर लसूण घालून परतलेला भात, तळलेले सुके मासे, व्हिनेगरची वाटी आणि या सगळ्यापासून जरा लांब, तेलाचा हात लागू नये म्हणून सरकवून ठेवलेली विमानाची तिकिटं. आदल्या दिवशीच मी ती छापून आणली होती. मी डब्याचं झाकण दाबून बसवत होते. कुबावला कामावर साडेआठला पोचायचं तर सव्वासातची जीपनी मिळायला हवी, म्हणून माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. सहज बोलायचं म्हणून मी म्हटलं होतं, "चाळीस वर्षांत ते तोक्योचं डिस्नेलँड किती बदललं असेल गं, नानाय. तुला ओळखू तरी येणार का?" त्यावर माझ्या आईने हे उत्तर दिलं. मग तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. तिच्या हनुवटीला भाताचं एक शीत चिकटलं होतं. "जा, तुझी गाडी चुकेल," ती म्हणाली आणि बशी घेऊन मोरीकडे वळली.

मी गेले. गाडीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बायकांच्या मधे मीही बसले, मारिकिनाचा पूल आला, खाली नदी नेहमीसारखी मातकट वाहत होती, आणि मी त्या वाक्याला पळवाटा शोधून देत होते. पहिल्यांदाच म्हणजे माझ्याबरोबर पहिल्यांदा. पहिल्यांदाच म्हणजे नव्याने बांधलेलं पहिल्यांदा. म्हातारपणी माणसं शब्द इकडचे तिकडे करतात. पण नानायचे शब्द कधी इकडचे तिकडे झालेले नाहीत. एकोणसत्तराव्या वर्षी ती बाजारातल्या कोळणीला तिनेच गेल्या आठवड्यात सांगितलेला भाव ऐकवते. ती जे बोलली ते तिला बोलायचं नव्हतं, एवढंच खरं होतं. काट्याकडे लक्ष होतं, तेवढ्यात ते सुटलं.

मी दातांच्या लॅबमधे कवळ्या बनवते. बावीस वर्षं तेच करते आहे. गुलाबी हिरड्या मेणात घडवायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, मग साचा, मग उकळतं पाणी. या कामातली एक गोष्ट शिकायला मला फार वर्षं लागली. सगळे दात सारखे, सरळ, पांढरे बसवले की कवळी खोटी दिसते. म्हणून मी समोरचा एखादा दात केसभर वाकडा लावते, सुळ्याच्या टोकाला किंचित झीज देते, कडेला चहाचा पिवळेपणा देते. माणूस आरशात बघतो आणि म्हणतो, हां, हे माझे. त्या दिवशी मेण वितळत होतं आणि माझा हात थांबून राहिला होता. कारण मला टेप आठवत होत्या.

मी सात वर्षांची असताना नानाय गाणारी म्हणून जपानला गेली. सहा महिने तिकडे, काही आठवडे इकडे, परत सहा महिने, असं चार वर्षं चाललं. मला तिच्या आईने, माझ्या लोलाने सांभाळलं. पत्रं लिहायला नानायला आवडत नसे. ती कॅसेट पाठवायची, साठ मिनिटांची, दोन्ही बाजू भरलेल्या. त्या काळी आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत आया अशाच कॅसेटमधे राहायच्या. दुपारी जेवणं झाली की चार-पाच घरांतून बायकांचे आवाज यायचे, आणि त्यांतली एकही बाई घरात नसायची. नानायच्या टेपवर आधी लोलासाठी निरोप असे, औषध घे, छपराचं बघ. मग ती म्हणायची, "मिंदा, ऐकते आहेस का? आज मी कुठे गेले होते, सांगू?" आणि ती मला त्या बागेत न्यायची.

ती बाग मला आमच्या घराइतकी माहीत होती. दारात एक घंटा, प्रत्येक मुलाने ती वाजवून आपलं नाव सांगायचं, मगच आत. आत गेल्या गेल्या नदी. नदीचं पाणी गुलाबी, आणि ती बागेला गोल वळसा घालून परत स्वतःलाच मिळते, त्यामुळे होडीत बसलेलं कुणी हरवत नाही. झाडं कापून रेडे केलेले, हिरवे रेडे. पलीकडे निळ्या टोप्यांचा राजवाडा, त्याच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीचा सूर वेगळा, आणि खाली उतरताना तेच गाणं उलटं वाजतं. राजवाड्याच्या मागे एक छोटी खोली. जी मुलं आईशिवाय येतात त्यांच्यासाठी. तिथे एक बाई असते. ती काही विचारत नाही, फक्त केस विंचरून देते. आणि हे सगळं सांगून झाल्यावर नानाय म्हणायची, "आज फार चालले गं. डाव्या टाचेला फोड आलाय. पुढच्या वेळी जुने बूट घालीन." त्या फोडाची मला इतकी काळजी वाटायची की मी लोलाला मलम पाठवायला लावलं होतं. पुढच्या टेपवर नानायने मलमाबद्दल आभार मानले होते. आता मेण थंड होत होतं आणि मला वाटलं, केसभर वाकडा लावलेला दात. माझ्या आधी वीस वर्षं तिला ही युक्ती माहीत होती.

आणि तो फोटो. तो आजही आमच्या कपाटावर आहे. एकोणतीस वर्षांची नानाय, कुरळे केलेले केस, लाल कोट, मागे तो राजवाडा. ती हसते आहे. लहानपणी मला तो फोटो आवडायचा. मोठेपणी त्याने मला टोचायला सुरुवात केली. नानाय कायमची परत आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि 'तुला नेईन' हे प्रत्येक टेपच्या शेवटी येणारं वाक्य टेपबरोबरच संपलं होतं. ती जपानबद्दल बोलेनाशी झाली. शेजारच्या बाईंकडून शिवणाचं काम घ्यायला लागली. मी एकदा, सोळा वर्षांची असताना, काय कारण होतं आठवत नाही, तिला म्हटलं, "तू एकटी जाऊन आलीस. मजा केलीस. मला इथे ठेवून." ती तांदूळ धूत होती. तिने पाणी ओतून दिलं, परत पाणी घेतलं, परत धुतले, परत ओतलं. पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं. ती काही बोलली नाही. मी तिचं गप्प बसणं कबुली म्हणून घेतलं आणि ते बत्तीस वर्षं जपून ठेवलं. मी लग्न केलं नाही, आम्ही दोघी एकाच घरात राहिलो, एकाच कढईतलं जेवलो, मी तिच्यासाठी दोन वेळा कवळ्या बनवल्या, पण माझ्या आत कुठेतरी एक मुलगी पाठ फिरवून बसली होती, कारण तिच्या आईने गुलाबी नदी तिच्याशिवाय बघितली होती.

एक शब्द बोलायला तिला काय झालं होतं? मी गेलेच नाही, एवढंच.

मी लगेच विचारलं नाही. महिना गेला, पासपोर्ट आले, शिक्के बसले, कुणाकुणाकडून गरम कपडे मागून आणले. मला विचारायची भीती वाटत होती. जाण्याआधीच ती बाग मोडून पडेल अशी भीती. आणि दुसरी एक, जास्त खोल, की खरी बाग टेपवरच्या बागेपुढे अगदीच साधी निघेल, आणि मग माझ्याकडे दोन्ही राहणार नाहीत. नानायही वेगळीच वागत होती. विमानात तिने खिडकीचं झाकण वर केलं नाही. उतरल्यावर, जपानी जमिनीवर पाय ठेवल्यावर, तिचा चेहरा लहान झाल्यासारखा वाटला. पण स्टेशनवर मी नकाशापुढे तोंड उघडं टाकून उभी राहिले, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि एक पाटी न वाचता सरळ चालत तिसऱ्या फलाटावर नेऊन उभं केलं.

सकाळी आठला आम्ही दाराबाहेरच्या रांगेत होतो. फेब्रुवारीचा महिना, आकाश राखाडी आणि खाली उतरलेलं. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. मी बोलले की माझे शब्द दिसत होते. पुढे हजारभर माणसं होती आणि आवाज नव्हता. ज्यांची सत्तरी उलटली आहे अशी जोडपी, एकमेकांसारख्या टोप्या घालून, खाली चटई पसरून शांतपणे बसली होती. आमच्यापुढे एक म्हातारी डब्यातून भाताचे गोळे काढून नवऱ्याला देत होती. तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. मी मान हलवून हसले, परदेशात माणूस हसतो तसं. आणि माझ्या शेजारून उत्तर आलं.

नानाय बोलत होती. आधी एक शब्द, मग दोन, मग गाठ सुटल्यासारखी वाक्यं. तिचा आवाज वर गेला होता, बारीक, वाकलेला. मान एका बाजूला झुकत होती. हात पोटावर एकमेकांत गेले होते. म्हातारीने "ओऽ" केलं, नवऱ्याला सांगितलं, त्यानेही "ओऽ" केलं. नानाय हसली तेव्हा तिने तोंडावर हात धरला. चाळीस वर्षं मी तिला तोंड उघडं टाकून हसताना बघत आले. ते दात मी केले होते, तो पुढचा केसभर वाकडा दात माझ्या हातचा होता, आणि त्यांच्यामधून येणारा एकही शब्द मला कळत नव्हता. ही बाई कोण? एवढी वर्षं ही कुठे झोपली होती? माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"विचारत होती कुठून आलात. थंडी सोसते का."

"आणि तू एवढं काय बोललीस?"

"म्हटलं, सोसते. पूर्वी इथे राहत होते." नानायने मफलर नाकावर ओढला. "म्हटलं, आतमधे मात्र कधी गेले नाही."

दार अजून उघडलं नव्हतं. रांग जागच्या जागी उभी होती. मला वाटलं, हिने ते आधी परक्या म्हातारीला सांगून बघितलं, परक्या भाषेत, सोपं जातं का ते बघायला.

"मग फोटो?" मी विचारलं.

"स्टेशनपाशी एक फोटोवाला होता. त्याच्याकडे पडदा होता रंगवलेला. फुजी पर्वत, मोठा पूल, आणि हा राजवाडा. कोटसुद्धा त्याचाच."

"कोट पण?"

"मग काय. आम्हा सहाजणींचे त्याच कोटातले फोटो आहेत. लेटी जाडी, तिला बटणं लागेनात, तिने मागून टाचण्या लावल्या." तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. "एका खोलीत सहाजणी होतो आम्ही. दुपारी उठायचं, मग टेप भरायच्या. रजई डोक्यावरून घेऊन बसायचं, म्हणजे बाकीच्यांचा आवाज येत नाही. पण त्या ऐकायच्याच. नदी गुलाबी कर, हे लेटीने सुचवलं. मी आपली निळीच म्हणत होते."

"रेडे?"

"रेडे माझे." तिचा आवाज जरा ताठ झाला. "लेटीने आपल्या पोराला सांगून ठेवलं होतं की बागेत एक हत्ती आहे, तो तिला नावाने ओळखतो. मग पोरगं विचारायचं, हत्ती कसा आहे? दर टेपला हत्तीची तब्येत सांगायला लागायची तिला. एकदा कंटाळून मारायला निघाली होती त्याला. आम्ही मारू दिला नाही."

मला हसू आलं. हसू आलं याचा रागही आला. रांगेत माझ्यापुढे पसरलेल्या त्या शांत माणसांच्या पाठी बघत मी म्हटलं, "इतकं जवळ राहत होतीस. एकदाही जाता आलं नाही?"

मला वाटलं ती म्हणेल, तुझ्याशिवाय कशी जाणार होते. असं एखादं वाक्य. मी ते घ्यायला तयार होऊन उभी होते. "एकदा सुट्टी मिळाली होती," ती म्हणाली. "एक दिवस. पाचजणी गेल्या. मी नाही गेले. झोपले."

"झोपलीस?"

"झोप आली होती गं मला. दोन वर्षांची झोप आली होती." मग ती म्हणाली, "लेटी जाऊन आली. बूट काढता काढता मला म्हणाली, पुरिंग, तुझीच बाग बरी आहे."

मी सोळा वर्षांची असताना ओतून दिलेलं ते तांदळाचं पाणी मला दिसलं. स्वच्छ झालं तरी ती धूत राहिली होती. एक शब्द बोलली असती तर तिच्यावरचा आळ गेला असता. पण बाग गेली असती. तिने आळ ठेवून घेतला. बत्तीस वर्षं मी तिला ज्या चैनीबद्दल माफ केलं नव्हतं ती तिने कधी केलीच नव्हती, आणि त्या दिवशी ती फक्त गाढ झोपली होती, दुपारभर, रिकाम्या खोलीत. त्या झोपलेल्या बाईकडे मी मनातल्या मनात वाकून बघत होते. माझ्यापेक्षा किती लहान होती ती. तेवढ्यात दार उघडलं आणि चटया एकदम, एकही शब्द न होता, गुंडाळल्या गेल्या.

घंटा नव्हती. मी शोधली. नदीही नव्हती, आधी एक काचेच्या छपराखालची बाजारपेठ लागली, गरम, उजेडाची, वितळलेल्या साखरेच्या वासाने भरलेली, आणि झुडपांमधून कुठूनतरी वाद्यं वाजत होती. नानाय दोन्ही बाजूंना बघत चालत होती. "इथे मी नदी ठेवली होती," ती हळूच म्हणाली, आणि थोडं पुढे गेल्यावर, "हे पण वाईट नाही." मग छप्पर संपलं.

मी थांबले. मागची माणसं आम्हाला वळसा घालून गेली, कुणी धक्का दिला नाही. समोर मोकळी जागा होती आणि त्या जागेच्या टोकाला तो उभा होता. राखाडी आकाशात त्याच्या निळ्या टोप्या अशा दिसत होत्या की जणू आकाशाचा त्या बाजूचा निळा रंग सगळा खरवडून तिथे गोळा केला आहे. फोटोतल्या पडद्यावर तो सपाट होता. टेपवर तो सुरांचा होता. इथे त्याला पाठ होती, बाजू होत्या, सावली होती. मी डावीकडे दोन पावलं गेले तर त्याचा एक बुरूज दुसऱ्यामागून पुढे आला. एवढ्याशा गोष्टीने माझे डोळे भरले. मी उजवीकडे गेले, बुरूज परत लपला. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी, गर्दीत डावीकडे दोन पावलं, उजवीकडे दोन पावलं करत उभी होते.

जवळ गेलो तेव्हा मी भिंतीला हात लावला. दगड खरे नव्हते, ते मला एका बोटात कळलं. दगडाचा गारवा नव्हता त्यांना. पण कुणीतरी प्रत्येक दगडाला वेगळा रंग दिला होता. एकाच्या कडेला शेवाळाची हिरवी छटा, एकाला पावसाचा ओघळ, एकाचा कोपरा उडालेला, आणि तो उडालेला कोपराही घडवलेला. माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर, जिथे कुणी बघणार नाही, तिथेही हे चाललं होतं. मी मान मागे टाकून बघत गेले आणि मला त्या कुणा माणसाचे हात दिसायला लागले, परांचीवर उभे, ब्रशाने एका दगडाची झीज रंगवणारे. कुणाला फसवण्यासाठी माणूस एवढं करत नाही. मी बावीस वर्षं करते आहे, मला माहीत आहे. समोरच्याला 'हां, हे माझं' म्हणता यावं म्हणून करतात. रजईखाली बसून डाव्या टाचेला फोड आणणाऱ्या बाईनेही ते तेवढ्यासाठीच केलं होतं.

जिन्याच्या पायऱ्या आतून कशा वाजतात ते ऐकायला नानाय माझ्याआधी पुढे झाली. तिने एका पायरीवर पाय आपटला. नुसता 'टप' आवाज झाला. तिने दुसऱ्या पायरीवर आपटून बघितलं. "छे," ती म्हणाली, "यांना सुचलं नाही." एक झाडूवाला पोऱ्या नव्हे, चांगला पोक्त गृहस्थ, पांढऱ्या कपड्यांत, तिथेच झाडत होता. त्याने आमच्याकडे बघितलं, झाडू पाण्यात बुडवला आणि फरशीवर दोन फटकाऱ्यांत एक फूल काढलं. आम्ही बघत असतानाच ते सुकत गेलं. नानाय त्याला वाकून काहीतरी म्हणाली, तोही वाकला, मग ती परत वाकली. त्यानंतर तिच्यातली भीती गेली. ती माझा हात सोडून चालायला लागली. आम्ही घोड्यांच्या चक्रावर बसलो. तिने काळा घोडा निवडला आणि उतरताना त्याच्या मानेवर थोपटलं. आम्ही होडीत बसून अंधाऱ्या गुहेतून गेलो, जिथे दोन्ही काठांवर देशोदेशीच्या बाहुल्या गात होत्या, आणि होडी वळसा घालून निघालो तिथेच परत आली. "बघ!" नानायने मला कोपर मारलं. "गोल फिरून परत. हे मी बरोबर सांगितलं होतं." "पाणी गुलाबी नाही पण." "ते लेटीचं."

दुपारी आम्ही खायला काही शोधत होतो, आणि एका छोट्या घरापाशी नानाय थांबली. अर्धं दार काचेचं होतं. आत बुटक्या खुर्च्या, भिंतीवर ढग रंगवलेले. पिवळ्या कोटातली चारेक वर्षांची एक मुलगी खुर्चीत बसली होती. तिचं रडून झालं होतं, नाक लाल होतं. एक तरुण बाई तिच्यापुढे गुडघे टेकून बसली होती. मुलीच्या वेणीचं रबर निसटलं होतं. ती बाई काही बोलत नव्हती. ती बोटांनी मुलीचे केस सारखे करत होती.

मी नानायकडे बघितलं नाही. ती काचेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या श्वासाने काच धूसर होत होती. ती हाताने पुसत होती आणि ती परत धूसर होत होती.

"मिंदा," ती म्हणाली, "हे मी मनाने सांगितलं होतं."

"हो."

"मला कुणी सांगितलं नव्हतं. लेटीनेही नाही. मी मनाने..."

मला खूप बोलता आलं असतं. सोळाव्या वर्षीच्या त्या वाक्याबद्दल बोलायचं मी रांगेपासून ठरवत होते. पण मी माझ्या डोक्यावरची उसनी लोकरीची टोपी काढली. टोपीने माझे केस सगळे विस्कटले होते. मी तिच्याकडे पाठ केली आणि तिथल्या बुटक्या कठड्यावर बसले. थोडा वेळ काही झालं नाही. मग तिची बोटं माझ्या केसांत आली, गार, सुजलेल्या सांध्यांची, गाठींपाशी अडखळणारी. मी अकरा वर्षांची झाल्यापासून तिला केसांना हात लावू दिला नव्हता. माणसं आमच्यासमोरून जात होती. आत त्या मुलीची आई आली असावी. दार उघडल्याचा, कुणीतरी एकदम बोलल्याचा आणि परत रडू फुटल्याचा आवाज आला. नानायने माझी वेणी शेवटपर्यंत घातली, आणि बांधायला काही नव्हतं म्हणून तिचं टोक तसंच हातात धरून राहिली.

तेव्हाच वरून काहीतरी यायला लागलं. आधी मला वाटलं कागदाचे कपटे आहेत. मग गर्दीतून "आऽ" असा एक लांब, हलका आवाज उठला, चालती माणसं जागच्या जागी थांबली, सगळ्यांचे चेहरे वर गेले. पांढरं, सावकाश, आवाज न करता ते खाली येत होतं, राजवाड्याच्या टोप्यांसमोरून, घोड्यांच्या चक्रावर, माणसांच्या खांद्यांवर. माझ्या गालाला एक टेकलं आणि पाणी झालं. मी थक्क होऊन बघत राहिले. "केवढी करामत आहे यांची," मी म्हटलं. "कुठून सोडतात गं? यंत्र दिसत पण नाही."

माझ्यामागे नानाय हसायला लागली. तोंडावर हात न धरता, मोठ्याने, मारिकिनाच्या बाजारात हसते तशी. "अगं वेडे," ती म्हणाली, "हे यांचं नाही. हा बर्फ आहे. खरा बर्फ पडतोय."

"बर्फ?"

"बर्फ. ऊठ. अशी वर काय बघतेस, तसा दिसत नाही तो." तिने मला उभं केलं, माझा हात धरला आणि गडद निळ्या कोटाची बाही सरळ केली. "इथे पडू दे. आता जवळ घे. श्वास सोडू नको, विरेल. दिसलं?"

दिसलं. निळ्या लोकरीवर एक चांदणी बसली होती, सहा हातांची, प्रत्येक हाताला पुन्हा बारीक हात, कुठे केसभरही वाकडं नाही. तिच्याशेजारी दुसरी, तिची नक्षी वेगळी. मी आयुष्यभर माणसांच्या तोंडासाठी नाजूक कामं केली, आणि असं काम मी बघितलं नव्हतं. मी श्वास कोंडून धरला होता, छाती दुखायला लागली होती, मला ते सोडवत नव्हतं. माझ्या बाहीवर त्या येत होत्या आणि जात होत्या, मोजता येऊ नयेत इतक्या.

"तू हे मला कधी सांगितलं नाहीस," मी शेवटी श्वास सोडून म्हटलं. "एकाही टेपवर नाही. चार हिवाळे काढलेस तू इथे. बर्फाचं नावसुद्धा नाही."

तिच्या पांढऱ्या केसांवर बर्फ पडत होता आणि वेगळा दिसत नव्हता.

"ते खरं होतं ना," नानाय म्हणाली. "खरं सांगायला लागले की मला रडू यायचं. टेपवर रडून कसं चालेल? तुम्ही तिकडे ऐकणार. म्हणून खऱ्यातलं काही घेतलं नाही मी. काहीच नाही."

आम्ही दोघी उभ्या होतो. ज्यांच्याकडे छत्र्या होत्या त्यांनीही त्या उघडल्या नव्हत्या. नानायने स्वतःची बाही पुढे केली, त्यावर एक कण पडू दिला, आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"पहिल्यांदा पडला ना," ती म्हणाली, "तेव्हा मी खिडकीत एकटीच होते. डिसेंबर होता. बाकीच्या झोपल्या होत्या, आणि मी तुझी टेप लावली होती, तू पाठवलेली, त्यात तू पाढे म्हणत होतीस..."

तिचा आवाज फुटला. ती थांबली नाही. रडत रडत ती पुढे सांगत राहिली.